विजया आणि हेम्प उत्पादनांची प्रयोगशाळा तपासणी : नमुना घेण्यापासून अहवाल वाचण्यापर्यंत

हिंगणा एमआयडीसीतील एका लघुउद्योजकाने काही काळापूर्वी माझ्यापुढे एक पानी अहवाल ठेवला. सोललेल्या हेम्प बियांच्या एका बॅचचा तो अहवाल होता आणि त्यात टीएचसीपुढे, म्हणजे भांगेच्या वनस्पतीतील नशा आणणाऱ्या द्रव्यापुढे, ठळक अक्षरांत 'आढळले नाही' असे लिहिलेले होते. पानाच्या तळाशी, सहीच्या वर, बारीक अक्षरांत पद्धतीची परिमाणन मर्यादा दिलेली होती : ०.०५ टक्के. याचा अर्थ किलोमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी टीएचसी असेल, तर त्या पद्धतीला ते खात्रीने मोजताच येत नव्हते. अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या हेम्प बियांसाठी आपल्याकडील मर्यादा आहे किलोमागे ५ मिलिग्रॅम. मर्यादेच्या जवळजवळ शंभरपट टीएचसी आत असले तरी त्या कागदावर 'आढळले नाही' हेच शब्द आले असते. अहवालात खोटे काहीच नव्हते, आणि तरीही त्या बियांबद्दल तो काहीही सांगत नव्हता.

विजया हे भांगेच्या वनस्पतीचे आयुर्वेदातील नाव, आणि हेम्प ही तीच वनस्पती, धाग्यासाठी व बियांसाठी वापरली जाणारी. नागपुरात व विदर्भात विजयायुक्त आयुर्वेदिक औषधे आणि हेम्प बियांचे खाद्यपदार्थ बनवणारे, विकणारे, तपासणारे आणि या सगळ्यांवर देखरेख ठेवणारे, अशा सर्वांसाठी हा लेख लिहिला आहे. पायऱ्या मी कामाच्या क्रमाने मांडल्या आहेत. काही पायऱ्यांवर मी अधिक रेंगाळलो आहे, कारण चूक बहुतेक वेळा तिथेच होते. माझे म्हणणे एवढेच आहे की, अहवालाची किंमत यंत्रावर जितकी अवलंबून असते, त्याहून अधिक ती नमुना कोणी घेतला, कसा घेतला आणि प्रयोगशाळेला नेमके काय विचारले यावर अवलंबून असते. नियमन करायचे असेल, तर ते तिथून सुरू व्हावे.

पहिली पायरी : उत्पादन कायद्याच्या कोणत्या कक्षेत येते ते ठरवणे

अमली पदार्थ आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, म्हणजे बोलीतला एनडीपीएस कायदा, याच वनस्पतीचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या प्रकारे पाहतो. चरस म्हणजे वेगळी काढलेली राळ, मग ती कच्ची असो वा शुद्ध केलेली. हशीश तेलासारखे तिचे घट्ट अर्कही त्यातच येतात. गांजा म्हणजे फुलांचे किंवा फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पाने या व्याख्येतून वगळलेली आहेत. पानांची भांग या व्याख्येबाहेर राहते, पण त्यामुळे ती मोकळी होत नाही. राज्यांचे कायदे तिला लागू होतात आणि आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ व राज्य उत्पादन शुल्क विभाग यांचा संबंध येतो. लागवड परवान्याशिवाय करता येत नाही. धागा, बी किंवा फळबागेच्या प्रयोजनासाठी लागवडीची मुभा देण्याची तरतूद कलम १४ मध्ये आहे, आणि उत्तराखंडाने २०१८ मध्ये अशा औद्योगिक हेम्पसाठी परवाने देण्यास सुरुवात केली.

कायदेशीर उत्पादनांचे दोन मोठे गट यातून निघतात. पहिला गट अन्नाचा : नोव्हेंबर २०२१ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने हेम्प बी, बियांचे तेल आणि बियांचे पीठ यांना अन्न म्हणून मान्यता देताना टीएचसीची मर्यादा ठरवून दिली. दुसरा गट औषधाचा : औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या अनुसूची ई(१) मध्ये भंगा (म्हणजे भांग), बिया वगळून, विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. त्यामुळे पोटात घ्यायच्या अशा औषधाच्या वेष्टनावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशा अर्थाची सूचना इंग्रजी व हिंदी अशा दोन्ही भाषांत ठळकपणे असावी लागते.

गट ठरवला नाही तर पुढचे सगळे चुकते, कारण एकाच तेलाच्या बाटलीवर 'बियांचे तेल' असे लिहिले तर एक मर्यादा लागते आणि 'विजया तेल' असे लिहिले तर संपूर्ण वेगळी चौकट लागते. बाटलीवरचे नाव, परवान्यावरचे नाव आणि प्रयोगशाळेला दिलेल्या विनंतीपत्रावरचे नाव ही तिन्ही शब्दशः एक असली पाहिजेत.

दुसरी पायरी : कच्च्या मालाची ओळख, दळण्यापूर्वी

ही पायरी अनेक नियमावल्यांत दोन ओळींत उरकली जाते आणि मला ते धोकादायक वाटते. एचपीएलसी यंत्र, म्हणजे द्रावणातील घटक वेगळे करून मोजणारे यंत्र, टीएचसी किती आहे ते सांगते. ते पानांतून आले की फुलांच्या शेंड्यांतून, हे ते सांगू शकत नाही. अर्क काढल्यानंतर किंवा बारीक चूर्ण झाल्यानंतर हा प्रश्न रसायनशास्त्राच्या हाताबाहेर जातो. भारतीय कायद्याचा सारा भार मात्र याच फरकावर आहे. म्हणून माल अख्खा असतानाच तपासणी झाली पाहिजे.

पांढऱ्या कागदावर मूठभर वाळलेली पाने पसरावीत आणि दहापट भिंगाखाली पाहावीत. पानांच्या वरच्या बाजूस वाकड्या, बुडाशी फुगीर लवी दिसतात. त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे खडे असतात आणि सौम्य आम्लाचा थेंब टाकल्यावर त्यांतून बुडबुडे येतात. फुलाभोवतीच्या लहान पानांवर मात्र डोके असलेल्या चिकट ग्रंथींची दाटी असते, आणि त्या बोटाला लागतात. कागदावर अशी सहपत्रे, फुलांचे तुरे किंवा त्यांना चिकटलेली बी सापडली, तर तो माल पानांचा म्हणून स्वीकारू नये. या तपासणीचे छायाचित्र, तारीख, पुरवठादाराचा परवाना क्रमांक आणि तपासणाऱ्याची सही बॅचच्या नोंदीत ठेवावी. पुढे कधी वाद झाला, तर पानांचा दावा हीच नोंद सिद्ध करील.

तिसरी पायरी : काय मोजायचे आणि कोणत्या मर्यादेशी ताडायचे

ताज्या व वाळलेल्या वनस्पतीत टीएचसी फारसे नसते. असते ते त्याचे आम्लरूप, टीएचसीए. उष्णतेने त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी तयार होते. म्हणून नियमात 'एकूण टीएचसी' हाच शब्द असावा आणि सूत्रही लिहिलेले असावे : टीएचसीएचे प्रमाण गुणिले ०.८७७, अधिक टीएचसीचे प्रमाण. ०.८७७ हा आकडा दोन्ही रेणूंच्या वजनांचे गुणोत्तर आहे. समजा, पानांच्या नमुन्यात टीएचसी ०.०८ टक्के आणि टीएचसीए ०.९० टक्के निघाले. केवळ पहिला आकडा छापला, तर माल अगदी सौम्य वाटतो. सूत्राने एकूण टीएचसी ०.८७ टक्के येते, म्हणजे जवळजवळ अकरापट. अमेरिकेत २०१८ च्या शेतीविषयक कायद्याने हेम्पची व्याख्या डेल्टा-९ टीएचसी (म्हणजे आम्लरूप सोडून केवळ टीएचसी) ०.३ टक्क्यांपर्यंत अशी केली होती, आणि तिथल्या कृषी विभागाला २०२१ च्या अंतिम नियमांत एकूण टीएचसी मोजण्याची पद्धत स्पष्ट करावी लागली. एका शब्दाने किती फरक पडतो, ते यावरून कळते.

आकडा ओल्या मालावर की कोरड्या वजनावर, हेही लिहिलेले हवे. १२ टक्के ओलावा असलेल्या पानांत ०.९० टक्के निघाले, तर कोरड्या वजनावर ते १.०२ टक्के होते. जुलैमधील नागपूरच्या हवेत आणि मे महिन्यातील हवेत एकाच गोणीचे आकडे वेगळे येतील. दोन अहवाल ताडताना हा फरक लक्षात न घेतल्याने उत्पादक आणि खरेदीदार उगाच भांडतात.

टीएचसी आणि सीबीडी (याच वनस्पतीतील नशा न आणणारे द्रव्य) हे दोन आकडे ग्राहकाला ठाऊक असतात, पण आजारी पाडणारे पदार्थ बहुधा वेगळेच असतात. ही वनस्पती जमिनीतील जड धातू ओढून घेण्यात पटाईत आहे. आयुर्वेदिक औषधांसाठी आपल्याकडे शिसे १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग), आर्सेनिक ३ पीपीएम, कॅडमियम ०.३ पीपीएम आणि पारा १ पीपीएम या मर्यादा आहेत. कॅलिफोर्नियात हुंगण्याच्या किंवा ओढण्याच्या उत्पादनांसाठी शिसे ०.५ आणि कॅडमियम ०.२ इतके खाली आणले आहे, कारण फुप्फुसातून जाणारा धातू पचनमार्गातून जाणाऱ्या धातूपेक्षा अधिक शोषला जातो. मर्यादा ठरवताना पदार्थ कोणत्या मार्गाने शरीरात जाणार आहे, हे आधी विचारले पाहिजे.

कीटकनाशकांबाबत कॅलिफोर्नियाच्या यादीत ६६ द्रव्ये आहेत. त्यांपैकी २१ अशी आहेत की ती आढळली तरी बॅच नापास होते. उरलेल्या ४५ साठी मर्यादा दिलेल्या आहेत. त्या ४५ मध्ये असलेले मायक्लोब्युटानिल हे बुरशीनाशक आपल्या द्राक्ष आणि मिरची उत्पादकांना परिचित आहे. खाण्यातील त्याचा अवशेष आणि जाळल्यानंतरचा त्याचा परिणाम या दोन निराळ्या गोष्टी आहेत, कारण तापल्यावर त्यातून हायड्रोजन सायनाइड निघू शकते. बुरशीच्या विषांत अफ्लाटॉक्सिन व ऑक्राटॉक्सिन, जंतूंमध्ये साल्मोनेला व ई. कोलायचे घातक प्रकार, आणि अर्कांमध्ये हेक्सेन, इथेनॉल यांसारख्या द्रावकांचे अवशेष, ही यादी आता सर्वत्र जवळपास सारखी आहे.

यादी कितीही लांब असली, तरी ती कालची असते, हेही मान्य केले पाहिजे. २०१९ मध्ये अमेरिकेत वाफ ओढण्याच्या उपकरणांमुळे फुप्फुसाच्या विकाराची लाट आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण रुग्णालयात दाखल झाले किंवा मरण पावले आणि मृत्यूंची संख्या ६८ होती. तिचा घट्ट संबंध व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी निघाला. ते द्रव्य पातळ करण्यासाठी मिसळले जात होते, बहुतांशी बेकायदा बाजारातील मालात, आणि ते त्या वेळच्या नेहमीच्या तपासण्यांच्या यादीत नव्हते. म्हणून नियमात यादीबरोबरच उत्पादनातील प्रत्येक घटक जाहीर करण्याची सक्ती असावी, आणि यंत्राच्या आलेखावर अनोळखी शिखर दिसल्यास ते कळवण्याचे बंधन प्रयोगशाळेवर असावे.

चौथी पायरी : नमुना

कळमन्याच्या बाजारात धान्याची किंवा मिरचीची बोली लागण्यापूर्वी अनुभवी अडत्या काय करतो, ते पाहावे. तो वरच्या गोणीतील मूठभर माल पाहून भाव सांगत नाही. परखी गोणीच्या पोटात खुपसतो, मधला माल काढतो, खालच्या थराची गोणी ओढायला लावतो, आणि मगच हातावर पसरतो. दाखवायचा माल वर ठेवला जातो, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. प्रयोगशाळेच्या नियमनाला हीच नजर लागते.

पहिला नियम असा असावा की, नमुना उत्पादकाने काढून कुरिअरने पाठवू नये. अंतर्गत गुणवत्तेसाठी तो तसे खुशाल करो, पण ज्या अहवालावर बॅच बाजारात जाणार आहे, त्या अहवालाचा नमुना प्रयोगशाळेच्या प्रशिक्षित माणसाने किंवा अधिकाऱ्याने स्वतः काढलेला असावा. कॅलिफोर्नियात प्रयोगशाळेचाच कर्मचारी नमुना घेतो आणि त्याचे चित्रीकरण होते. तिथे काढणीच्या एका बॅचची कमाल मर्यादा ५० पौंड, म्हणजे सुमारे २२.७ किलो आहे. पूर्ण आकाराच्या बॅचमधून ३४ ठिकाणांहून थोडे थोडे घेऊन एकूण ०.३५ टक्के, म्हणजे सुमारे ७९ ग्रॅम, नमुना तयार केला जातो. दहा पौंडांपर्यंतच्या बॅचसाठी आठ ठिकाणे पुरतात. आपल्याकडे याच आकड्यांची नक्कल करण्याची गरज नाही, परंतु बॅचचा कमाल आकार, ठिकाणांची किमान संख्या आणि नमुन्याचे किमान वजन हे तीन आकडे नियमात लिहिल्याशिवाय 'प्रातिनिधिक नमुना' या शब्दाला अर्थ येत नाही.

बियांच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. बीच्या गरात टीएचसी जवळपास नसते. जे येते ते काढणीच्या वेळी सहपत्रांतील राळ टरफलाला चिकटल्याने येते. ती राळ सगळ्या पोत्यांत सारखी पसरत नाही. नीट न पाखडलेल्या एका पोत्यात पाच मिलिग्रॅमची मर्यादा सहज ओलांडली जाते आणि शेजारचे पोते स्वच्छ असते. त्या हिंगण्याच्या उद्योजकाच्या बॅचचे आम्ही पुन्हा नमुने घेतले तेव्हा नेमके हेच दिसले : बहुतेक पोती मर्यादेत, दोन पोती तिच्या वर, आणि त्या दोन पोत्यांच्या तळाशी हिरवट, चिकट भुसा. त्याने सारा लॉट बाजूला ठेवला, चाळण्या बदलल्या, आणि पुढच्या मालासाठी पुरवठादाराकडे धुतलेल्या बियांची अट घातली.

नमुना काढल्यावरची शिस्तही नागपूरच्या हवेला धरून हवी. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत त्याहून बरेच अधिक तापते. अशा गाडीत दुपारभर पडलेल्या नमुन्यात टीएचसीएचे टीएचसी होऊ लागते, उजेड व हवा लागल्यास टीएचसीचे सीबीएन हे दुसरेच द्रव्य होते, आणि ओलावा उडतो. म्हणून गडद रंगाची काचेची बाटली, थंड पेटी, पेटीत तापमान नोंदवणारे छोटे यंत्र, आणि सकाळची वेळ. प्लास्टिक टाळावे. टीएचसीसारखे पदार्थ तेलकट असल्याने विशेषतः ठंडाईसारख्या पेयांतून ते भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि अहवालात आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो.

प्रत्येक नमुन्याचे भाग पाडून मोहोरबंद करावेत. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ४७ नुसार अन्न सुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करतो : एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, आणि व्यावसायिकाने मागितल्यास चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे. ही रचना चांगली आहे, आणि खासगी तपासणीतही उत्पादकाने तिचा धडा घ्यावा. किमान एक मोहोरबंद भाग स्वतःकडे थंड जागी ठेवावा. हस्तांतराच्या पत्रकावर दिलेल्याचे व घेतलेल्याचे नाव, वेळ, मोहोरेची स्थिती आणि पेटीचे तापमान असावे. रिकामा रकाना असलेले पत्रक प्रयोगशाळेने स्वीकारू नये.

पाचवी पायरी : प्रयोगशाळा निवडणे आणि मान्य करणे

भिंतीवर एनएबीएलचे, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे, प्रमाणपत्र आहे, एवढ्यावर थांबू नये. आयएसओ/आयईसी १७०२५ : २०१७ या मानकानुसारची मान्यता साऱ्या प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही, ती ठरावीक पदार्थ, ठरावीक घटक, ठरावीक पद्धत आणि ठरावीक पल्ला यांच्यासाठी असते. मान्यतेची व्याप्ती मागवून घ्यावी आणि तीत आपला पदार्थ व टीएचसी एकत्र लिहिलेले आहेत का, ते बोट ठेवून पाहावे. मसाल्यांतील कीटकनाशकांसाठी मान्य असलेली प्रयोगशाळा हेम्प बियांच्या तेलातील टीएचसीसाठी मान्य असेलच, असे नाही. आयुर्वेदिक औषधांसाठी औषध नियमांतील नियम १६०-अ पासून १६०-ज पर्यंत तपासणी संस्थांच्या मान्यतेची वेगळी चौकट आहे. अर्ज नमुना ४७ मध्ये होतो आणि मान्यता नमुना ४८ मध्ये मिळते. अन्नासाठी प्राधिकरणाने अधिसूचित केलेली प्रयोगशाळा हवी.

धंतोलीतील प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे अशा मालासाठी जावे का, असे मला अनेकदा विचारले जाते. तिचे काम वेगळे आहे. पोलिसांनी जप्त केलेला माल गांजा आहे की नाही, हा न्यायालयापुढचा प्रश्न ती सोडवते. २०२२ च्या जप्ती व नमुना नियमांनुसार गांजा, चरस व अफूचे नमुने प्रत्येकी २४ ग्रॅमचे, दोन प्रतींत घेतले जातात आणि त्यांची साखळी फौजदारी पुराव्याची असते. कायदेशीर उत्पादनाच्या नियमनात प्रश्न 'किती' हा असतो, आणि तोही अगदी खालच्या पातळीवरचा.

प्रयोगशाळेला शुद्ध टीएचसीचे रेफरन्स स्टँडर्ड, म्हणजे ज्याच्याशी ताडून मोजायचे तो प्रमाणित नमुना, लागते. त्याशिवाय कोणताही आकडा अंदाजच ठरतो. टीएचसी हा एनडीपीएसच्या अनुसूचीतील पदार्थ असल्याने तो बाळगण्यासाठी परवानगी लागते, आणि परदेशातून मागवताना ग्वाल्हेर येथील नार्कोटिक्स आयुक्तांचे आयात प्रमाणपत्र घ्यावे लागते. या प्रक्रियेला वेळ लागतो. म्हणून प्रयोगशाळेशी करार करण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारावा : आज तुमच्याकडे टीएचसी आणि टीएचसीए या दोन्हींची, मुदतीत असलेली स्टँडर्ड आहेत का, आणि त्यांची नोंदवही पाहता येईल का? उत्तर चाचपडत आले, तर दुसरीकडे जावे.

सहावी पायरी : पद्धत

गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुना तापवला जातो, त्यामुळे टीएचसीएचे यंत्रातच टीएचसी होते आणि दोन्ही वेगळे दिसत नाहीत. हे रूपांतर नेहमी पूर्ण होते असेही नाही. एचपीएलसीत तापवणे नसते, म्हणून आम्लरूप व मूळ रूप स्वतंत्र मोजता येते. पानांसाठी आणि औषधी तेलासाठी एचपीएलसी पुरेसे आहे. बियांतील पाच मिलिग्रॅमच्या मर्यादेसाठी मात्र द्रव्यमान वर्णपटमापक जोडलेले यंत्र, म्हणजे एलसी-एमएस/एमएस किंवा त्या तोडीचे, लागते, कारण बियांतील तेलाच्या ढिगाऱ्यात एवढेसे टीएचसी शोधायचे असते. बिया साध्या मिक्सरमध्ये दळल्या तर लगदा होतो आणि तो गरमही होतो. कोरडा बर्फ किंवा द्रव नायट्रोजन वापरून गोठवून दळणे योग्य.

पद्धतीची परीक्षा घेण्याचा सोपा मार्ग असा : स्वच्छ बियांत मोजून टीएचसी मिसळावे आणि प्रयोगशाळेने किती परत शोधले ते पाहावे. ही परतप्राप्ती तेल, पीठ, चूर्ण, गोळी अशा प्रत्येक प्रकारासाठी वेगळी दाखवली गेली पाहिजे. तिळाच्या तेलातील विजयेसाठी सिद्ध केलेली पद्धत गुळाच्या पाकातील अवलेहाला चालेलच, असे गृहीत धरता येत नाही.

सातवी पायरी : अहवाल वाचणे

अहवाल हाती आल्यावर निकालाचा रकाना शेवटी वाचावा. आधी बॅच क्रमांक पाहावा, मग नमुना कोणी काढला ते. 'ग्राहकाने दिलेला नमुना' असे लिहिले असेल, तर तो निकाल फक्त त्या बाटलीपुरता आहे. त्यानंतर नमुना मिळाल्याची व तपासणीची तारीख, पद्धतीचे नाव, आणि परिमाणन मर्यादा, जिला प्रयोगशाळेत एलओक्यू म्हणतात. ही मर्यादा कायदेशीर मर्यादेच्या बरीच खाली, माझ्या मते किमान पाचपट खाली, असावी. पाच मिलिग्रॅमसाठी एक मिलिग्रॅम. नियमात 'आढळले नाही' हे शब्द एकटे छापण्यास मनाई असावी आणि त्याऐवजी '१ मिलिग्रॅम प्रति किलोपेक्षा कमी' असे लिहिण्याची सक्ती असावी.

मापनातील अनिश्चितताही छापलेली हवी, आणि ती कशी वापरायची हे नियमाने आधीच सांगितलेले हवे. अमेरिकी हेम्प नियमांत ०.३५ ± ०.०६ टक्के असा निकाल आला, तर पल्ला ०.२९ ते ०.४१ असा होतो, त्यात ०.३ येत असल्याने माल स्वीकारार्ह ठरतो. पिकाच्या बाबतीत हे शेतकऱ्याला न्याय्य आहे. लहान मुले खाऊ शकतील अशा बियांच्या बाबतीत मात्र मी उलटा नियम सुचवीन : निकालात अनिश्चितता मिळवूनही आकडा मर्यादेखाली राहिला, तरच बॅच पास.

आठवी पायरी : नापास बॅच

इथे घाई आणि मोह दोन्ही असतात. नापास अहवाल आला की दुसऱ्या प्रयोगशाळेत नवा नमुना पाठवायचा, तिथे पास झाला की पहिला अहवाल कपाटात टाकायचा, ही सवय मोडण्यासाठी नियमात एक वाक्य पुरेसे आहे : बॅचची तपासणी सुरू होताच तिची नोंद सरकारी प्रणालीत व्हावी आणि प्रत्येक निकाल, पास वा नापास, प्रयोगशाळेनेच तिथे चढवावा. फेरतपासणी त्याच मोहोरबंद नमुन्याच्या राखून ठेवलेल्या भागावर व्हावी. अन्नाच्या बाबतीत अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि त्याविरुद्ध ३० दिवसांत अपील करून रेफरल प्रयोगशाळेकडे जाता येते. हा रस्ता उघडा असताना आडवाट धरण्याचे कारण राहत नाही.

शुद्धीकरण कशाचे होते आणि कशाचे होत नाही, हेही ठरलेले असावे. द्रावकाचा अवशेष पुन्हा वाळवून काढता येतो. बुरशी विकिरणाने मरते, पण तिने आधीच सोडलेले अफ्लाटॉक्सिन तसेच राहते. शिसे काढून टाकण्याचा कारखान्यात करण्याजोगा उपाय नाही. स्वच्छ माल मिसळून प्रमाण खाली आणणे हा उपाय म्हणून मान्य होता कामा नये. नष्ट करायचा माल वजन करून, अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत, पंचनाम्यासह नष्ट व्हावा.

नववी पायरी : प्रयोगशाळेवरच नजर

तपासणीचे पैसे उत्पादक देतो आणि प्रयोगशाळाही तोच निवडतो, तिथे सौम्य निकाल देणाऱ्या प्रयोगशाळेकडे गर्दी होते. वॉशिंग्टन राज्यातील सक्तीच्या तपासणीच्या आकड्यांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे एका ठरावीक दिशेने वेगळे असल्याचे दिसले. कॅलिफोर्नियाला अखेर १ जानेवारी २०२४ पासून फुलांतील कॅनाबिनॉइड मोजण्यासाठी सर्व प्रयोगशाळांना एकच प्रमाणित पद्धत लावावी लागली. हा खर्चिक धडा आपण आधीच घ्यावा.

प्रयोगशाळेच्या मालकीत उत्पादकाचा, शेतकऱ्याचा किंवा विक्रेत्याचा वाटा नसावा. शुल्क निकालावर अवलंबून नसावे. शक्य असेल तिथे पैसे एका सामायिक खात्यात जमा व्हावेत आणि कोणती बॅच कोणत्या प्रयोगशाळेत जाईल हे प्रणालीने ठरवावे. प्रवीणता चाचणीचे, म्हणजे प्रयोगशाळेची परीक्षा घेण्यासाठी पाठवलेले, नमुने प्रयोगशाळेला ओळखू येतात आणि त्यांच्यासाठी सर्वांत कुशल माणूस बसवला जातो. म्हणून त्यांच्या जोडीला ओळख लपवलेले नमुने असावेत. एका ज्ञात लॉटचे मोहोरबंद भाग सामान्य उत्पादकाच्या नावाने तीन प्रयोगशाळांत पाठवावेत आणि निकाल ताडावेत.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी देखरेख मात्र दुकानातून होते. अधिकाऱ्याने दर तिमाहीत सीताबर्डी, इतवारी आणि सदर भागांतील औषधांच्या व आरोग्यपदार्थांच्या दुकानांतून, शिवाय ऑनलाइन, सामान्य ग्राहकासारखी पावती घेऊन पाकिटे विकत घ्यावीत. पाकिटावरील बॅच क्रमांकाचा मूळ अहवाल काढावा, तेच घटक दुसऱ्या प्रयोगशाळेत मोजून घ्यावेत आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी प्रसिद्ध करावेत, बॅचच्या आणि दोन्ही प्रयोगशाळांच्या नावांसह. खरेदी उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा तरी व्हावीच, कारण गोदामातून पास होऊन निघालेले पाकीट पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात तीन महिने राहिल्यावर ग्राहकाच्या हाती पडते, आणि त्याच्या पोटात जाणारा आकडा त्या दिवशीचा असतो.